शनीची कडी पहिल्यांदा पाहताना: छोट्या दुर्बिणीवाल्यांसाठी

मी घरच्यांना पहिल्यांदा शनी म्हणून जे दाखवलं तो शनी नव्हताच. आयपीसमध्ये, म्हणजे डोळा लावायच्या भिंगात, एक उजळ गोल, मधोमध काळं भोक. सगळे म्हणाले, "वा, कडं दिसतंय!" मीही खूश. दोन दिवसांनी कळलं की आरशाच्या दुर्बिणीत फोकस बिघडलेला कुठलाही तारा असाच मेदूवड्यासारखा दिसतो, आणि ते भोक म्हणजे नळीतल्या छोट्या आरशाची सावली असते. खरा शनी त्या वेळी क्षितिजाखाली होता.

पुढे खरा शनी सापडला तो अगदी चिमुकला, पण कोरल्यासारखा रेखीव. मधल्या काळात मी केलेल्या बहुतेक चुका एकाच जातीच्या होत्या: शनी मोठा दिसावा म्हणून धडपडायचं आणि तो स्पष्ट दिसावा यासाठी काहीच करायचं नाही. तुमच्या पहिल्या चार-पाच रात्री तशा वाया जाऊ नयेत म्हणून हे सगळं क्रमानं लिहितो आहे.

काय काय लागेल

- दुर्बीण. ६० ते ७० मिमी भिंगाच्या दुर्बिणीतूनही कडी वेगळी दिसतात. ११४ किंवा १३० मिमी आरशाची असेल तर उत्तम. १५० मिमीची डॉब्सोनियन (साध्या फिरत्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण) असेल तर पुढची कित्येक वर्षं दुसरं काही घ्यायला नको.
- दोन आयपीस, एक कमी पटीचं (साधारण २५ मिमी) आणि एक जास्त पटीचं (१० मिमीच्या आसपास). दोन पटीची बार्लो लेन्स (आयपीसची पट दुप्पट करणारं जोडभिंग) असली तर बरी, नसली तरी अडत नाही.
- हलत नाही असा स्टँड. नवशिके याकडेच सर्वांत कमी लक्ष देतात. डळमळत्या ट्रायपॉडवरच्या महागड्या दुर्बिणीपेक्षा घट्ट बैठकीवरची साधी दुर्बीण जास्त दाखवते.
- आकाशाचा नकाशा दाखवणारं ॲप. स्टेलॅरियम पुरेसं आहे.
- लाल प्रकाशाचा टॉर्च, वही, पेन्सिल.
- बसायला खुर्ची किंवा स्टूल. ही चैन नाही. का, ते सातव्या पायरीत येईल.

दुर्बीण अजून घ्यायची असेल तर खोक्यावरचा "५२५ पट" वगैरे आकडा वाचून हुरळू नका. पट काढायचं गणित सोपं आहे: दुर्बिणीची फोकल लेन्थ (भिंग किंवा आरसा जितक्या अंतरावर प्रतिमा जुळवतो ते अंतर) भागिले आयपीसची फोकल लेन्थ. १२०० मिमीच्या दुर्बिणीला २५ मिमीचं आयपीस लावलं की ४८ पट, १० मिमीचं लावलं की १२० पट. कागदावर हा आकडा हवा तेवढा वाढवता येतो. प्रत्यक्षात भिंगाचा किंवा आरशाचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्यायचा आणि दुप्पट करायचा, त्यापुढे नुसता धूसर फुगा वाढतो. ७० मिमीच्या दुर्बिणीला १४० पट म्हणजे डोक्यावरून पाणी. आणखी एक सापळा म्हणजे नळी जेमतेम अर्धा मीटर लांब, पण लेबलवर फोकल लेन्थ १००० मिमी, अशी आरशाची दुर्बीण. तिच्या आत एक जास्तीची लेन्स बसवलेली असते आणि तिचे आरसे जुळवताना नवशिक्याचा जीव मेटाकुटीला येतो.

१. आधी महिना ठरवा

शनी सूर्याच्या बरोबर विरुद्ध दिशेला असतो त्या स्थितीला प्रतियुती म्हणतात. त्या सुमारास तो सूर्यास्ताला पूर्वेला उगवतो, मध्यरात्री आकाशात सर्वांत उंच असतो आणि रात्रभर दिसतो. प्रतियुती दर वर्षी साधारण दोन आठवडे पुढे सरकते: २०२६ मध्ये ऑक्टोबरचा पहिला आठवडा, २०२७ मध्ये त्याच महिन्याचा तिसरा, २०२८ मध्ये ऑक्टोबरची अखेर.

मात्र प्रतियुतीच्या दिवशीच पाहायला हवं असं मुळीच नाही. त्या दिवसाचा फार बोलबाला होतो आणि लोकांना वाटतं, दुसऱ्या दिवशी शनी पळून जाईल. नवशिक्यांसाठी प्रतियुतीनंतरचे दोन-तीन महिने जास्त सोयीचे, कारण तेव्हा संध्याकाळी अंधार पडतानाच तो चांगला वर आलेला असतो. युतीच्या, म्हणजे तो सूर्याच्या पलीकडे असण्याच्या सुमारास मात्र काही आठवडे नाद सोडून द्या.

२. यंदा कडी किती उघडी आहेत ते पाहा

हे न पाहता दुर्बीण लावणारे पुष्कळ जण निराश होतात. मनात फोटोतला शनी असतो, रुंद कड्यांचा. समोर दिसतो एक गोळा आणि त्याला आरपार टोचलेली सुई.

शनीचा अक्ष जवळपास २७ अंशांनी कललेला आहे आणि तो सूर्याभोवती एक फेरी साडेएकोणतीस वर्षांत मारतो. नावच शनैश्चर, हळू चालणारा. या एका फेरीत आपल्याला कधी कड्यांची वरची बाजू दिसते, कधी खालची, आणि मध्ये दोनदा ती बरोबर कडेवरून दिसतात. कड्यांचा पसारा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोन लाख सत्तर हजार किलोमीटरहून जास्त, पण जाडी बहुतेक ठिकाणी काही दहा मीटरच. त्यामुळे कडेवरून ती छोट्या दुर्बिणीतून चक्क नाहीशी होतात. गॅलिलिओनं १६१० मध्ये शनीच्या दोन्ही बाजूंना काहीतरी चिकटलेलं पाहिलं आणि शनी तीन गोळ्यांचा आहे असं ठरवलं. १६१२ मध्ये पाहतो तर बाजूचे दोन्ही गोळे गायब. बिचारा चक्रावून गेला. हे सपाट, ग्रहाला कुठेही न चिकटलेलं कडं आहे, हा उलगडा हायगेन्स या डच शास्त्रज्ञानं केला आणि १६५९ मध्ये प्रसिद्ध केला.

अशी कडेवरची स्थिती मार्च २०२५ मध्ये येऊन गेली. आता आपल्याला कड्यांची दक्षिण बाजू दिसते आहे, आणि ती वर्षागणिक अधिक उघडत जाऊन २०३२ च्या सुमारास सर्वांत रुंद दिसेल. मग पुन्हा मिटत मिटत २०३८-३९ मध्ये सुई. म्हणजे तुम्ही आत्ता सुरुवात करत असाल तर एका अर्थी नशीबवान आहात: दर मोसमात तोच ग्रह, पण चित्र नवं. मात्र पहिल्या एक-दोन मोसमांत अरुंद कड्यांवर समाधान मानायची तयारी ठेवा.

३. फाइंडर उजेडातच जुळवून घ्या

अंधारात दुर्बीण आणि तिच्यावरची नेम धरायची छोटी दुर्बीण, म्हणजे फाइंडर, दोन वेगळ्या दिशांना बघत असतील तर शनी सापडणं हे नशिबावर. म्हणून दिवसाउजेडी एखादा लांबचा मनोरा किंवा खांबाचं टोक कमी पटीच्या आयपीसमध्ये मधोमध आणा. दुर्बीण न हलवता फाइंडरचे स्क्रू फिरवून तेच टोक फाइंडरच्या फुलीवर आणा. वस्तू निदान अर्धा किलोमीटर लांब हवी. जवळची घेतली तर रात्री पुन्हा फरक पडतो.

हे काम सूर्याच्या विरुद्ध बाजूला तोंड करूनच करायचं. दुर्बिणीतून किंवा फाइंडरमधून सूर्य एक क्षणभर जरी डोळ्यात आला तरी दृष्टी कायमची जाऊ शकते. आसपास मुलं असतील तर दिवसा दुर्बीण उघडी ठेवून आत जाऊ नका, फाइंडरचंही झाकण लावा.

याच वेळी एक गोष्ट अंगवळणी पाडून घ्या. आरशाच्या दुर्बिणीत चित्र उलटं दिसतं, आणि तिरक्या आरशाचा जोड असलेल्या भिंगाच्या दुर्बिणीत डावं-उजवं बदलतं. वस्तू डावीकडे सरकली की दुर्बीण कुठे ढकलायची, हे हाताला दिवसा शिकवलेलं बरं.

४. दुर्बीण बाहेर ठेवा आणि तासभर विसरा

खोलीतली गरम दुर्बीण थंड हवेत आणली की नळीतच हवेचे प्रवाह सुरू होतात आणि चित्र उकळत्या पाण्याच्या तळाशी ठेवलेल्या नाण्यासारखं थरथरतं. अर्धा तास ते तासभर तिला बाहेरच्या हवेत राहू द्या. मोठ्या आरशाला जास्त वेळ लागतो.

खिडकीच्या काचेतून पाहायचं नाही. उघड्या खिडकीतूनही नाही, कारण आतली-बाहेरची हवा तिथेच मिसळते. दिवसभर तापलेलं छत, काँक्रीटची गच्ची, एसीचा बाहेरचा डबा यांच्यावरून नजर जाणार नाही अशी जागा निवडा. गवताची किंवा मातीची जमीन सर्वांत चांगली.

एक दिलाशाची गोष्ट सांगतो: शहरातल्या दिव्यांची किंवा चंद्राच्या उजेडाची काळजी करू नका. दीर्घिका आणि तेजोमेघ पाहणाऱ्यांना काळोख लागतो. शनी पुरेसा तेजस्वी आहे, त्याला स्थिर हवा लागते.

५. शनी ओळखा

शनी नुसत्या डोळ्यांनी दिसतो: फिकट पिवळसर, शांत, गुरूइतका झगझगीत नाही. आसपासचे तारे लुकलुकत असताना तो बराच स्थिर दिसतो. ॲपमध्ये दिशा आणि उंची बघा आणि तो क्षितिजापासून निदान ३० अंश वर येईपर्यंत थांबा. हात पूर्ण ताणून धरलेली मूठ म्हणजे साधारण १० अंश, तेव्हा तीन मुठी. त्याखाली तुम्ही हवेच्या जाड थरातून बघत असता आणि शनी लाल-निळ्या कडांचा, फाटल्यासारखा दिसतो.

फोनमधलं होकायंत्र स्टँडच्या लोखंडाजवळ चुकीची दिशा दाखवतं. चार पावलं बाजूला जाऊन बघा.

६. सर्वांत कमी पटीनं सुरुवात

२५ मिमीचं आयपीस लावा, बार्लो खोक्यातच राहू द्या. शनी फाइंडरच्या फुलीवर आणा, मग आयपीसमध्ये बघा आणि फोकसचं चाक हळूहळू फिरवा. नियम असा की गोल जितका लहान होत जाईल तितके तुम्ही बरोबर दिशेनं चालला आहात. माझा मेदूवडा इथेच झाला होता: तो मोठा दिसतोय म्हणून मी तिथेच थांबलो. ठिपका सर्वांत लहान आणि कडक होईल तिथे थांबायचं. तारा असेल तर तो टिंबच राहील. शनी असेल तर त्या चिमुकल्या आकाराला दोन्ही बाजूंना कान फुटलेले दिसतील.

पहिली प्रतिक्रिया बहुधा "एवढासाच?" अशी असते. जरा हिशेब करू या. प्रतियुतीच्या सुमारास कड्यांची लांबी सुमारे ४५ विकला असते (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग). ४० पटीत ती १८०० विकला होते, म्हणजे अर्धा अंश. नुसत्या डोळ्यांना पौर्णिमेचा चंद्र एवढाच दिसतो. शनी लहान वाटतो तो भोवतीच्या काळ्या, रिकाम्या वर्तुळामुळे. हा आकडा मला आधी कुणी सांगितला असता तर मी पहिल्याच रात्री तीन पटीची बार्लो लावायला धावलो नसतो.

७. आता पट वाढवा, आणि बसा

शनी वर्तुळाच्या मधोमध आणून १० मिमीचं आयपीस लावा. पुन्हा फोकस करा, कारण प्रत्येक आयपीसला तो थोडा बदलतो. ८० ते १५० पट या टप्प्यात छोट्या दुर्बिणींचा बहुतेक आनंद सामावलेला आहे. चित्र लोण्यासारखं पसरलं तर मुकाट्यानं मागे या. लहान आणि रेखीव शनी मोठ्या आणि धूसर शनीपेक्षा केव्हाही जास्त सांगतो.

शनी सरकत राहील. दोष दुर्बिणीचा नाही, पृथ्वी फिरते आहे. १२० पटीत साध्या आयपीसमधून तो एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत दीड-पावणेदोन मिनिटांत निघून जातो. त्याला दर वेळी मध्ये आणून पाठलाग करण्यापेक्षा कडेला आणून सोडा, हात काढून घ्या आणि तो दृश्य ओलांडेपर्यंत नुसतं बघा. हात लावलेला असताना चित्र थरथरतं आणि दोष हवेला दिला जातो.

आणि खुर्ची. वाकून, मान तिरकी करून माणूस वीस सेकंद बघतो आणि उठतो. बसून दहा मिनिटं बघता येतं, आणि शनी दाखवायला बसतो तो पाचव्या-सहाव्या मिनिटाला. हवा सतत हलत असते, पण मध्येच अर्धा-एक सेकंद ती थबकते आणि सगळं चित्र एकदम खोदल्यासारखं उभं राहतं. पुन्हा विरघळतं. त्या अर्ध्या सेकंदांची बेरीज म्हणजे ग्रहनिरीक्षण. पाहुण्यांना दाखवताना म्हणूनच "दिसलं का?" असं घाई करून विचारू नका. भिडेखातर लोक हो म्हणतात.

चष्मा फक्त जवळच्या किंवा लांबच्या नंबरचा असेल तर काढून ठेवा, फोकसचं चाक ते भरून काढतं. नंबर सिलिंड्रिकल असेल तर चष्मा राहू द्या.

भिंगावर दव जमलं तर पुसू नका, ओरखडे पडतात. काळ्या जाड कागदाची नळी करून दुर्बिणीच्या तोंडाशी बसवली की दव बराच वेळ रोखता येतं.

८. काय काय शोधायचं

साधारण या क्रमानं, सोप्याकडून अवघडाकडे:

कडं आणि गोळा यांच्यामधली काळी जागा. कडी थोडी उघडी असतील तर ही लवकर दिसते, आणि कडं अधांतरी आहे हे तेव्हा खरोखर पटतं.

गोळ्याचा चपटेपणा. शनी दहा-साडेदहा तासांत स्वतःभोवती फिरतो आणि बहुतांशी वायूचा आहे, त्यामुळे त्याचा ध्रुवांकडचा व्यास विषुववृत्ताकडच्यापेक्षा जवळपास एक दशांशानं कमी आहे. एकदा लक्षात आलं की मग तो गोल दिसतच नाही.

गोळ्याची कड्यांवर पडलेली सावली. प्रतियुतीच्या वेळी ती ग्रहाच्या बरोबर मागे लपते. तिच्या दोन-तीन महिने आधी किंवा नंतर मात्र कड्याचा एक तुकडा गोळ्यालगत कापून घेतल्यासारखा दिसतो. सपाट चित्राला खोली येते ती इथे. प्रतियुतीच्या आगेमागे काही दिवस वेगळी गंमत असते: कडी गोळ्याच्या तुलनेत अचानक उजळतात, कारण त्यांतल्या कणांच्या एकमेकांवर पडणाऱ्या सावल्या आपल्या नजरेआड जातात. झेलिगर या जर्मन खगोलशास्त्रज्ञाच्या नावानं हा परिणाम ओळखला जातो.

कॅसिनी फट. बाहेरचं कडं आणि आतलं जास्त उजळ कडं यांच्यामधली काळी रेघ, कॅसिनी या खगोलशास्त्रज्ञानं १६७५ मध्ये पाहिलेली. प्रत्यक्षात ती सुमारे ४८०० किलोमीटर रुंद आहे, पण आपल्याला जेमतेम पाऊण विकला. मध्यभागी शोधू नका. कड्यांच्या डाव्या-उजव्या टोकांशी, जिथे ती वळतात, तिथे बघा. कडी चांगली उघडलेली असतील तर १०० मिमीची दुर्बीण शांत हवेत ती दाखवते. मिटलेल्या वर्षांत मोठ्या दुर्बिणीवालेही शपथेवर सांगायला कचरतात, तेव्हा नाही दिसली तर आरसे जुळवत रात्र घालवू नका.

पट्टे. गोळ्यावर विषुववृत्ताजवळ मलईसारखा उजळ पट्टा, त्याच्या बाजूला किंचित तपकिरी. गुरूइतकं ठळक काही नाही. क्वचित मात्र मोठं पांढरं वादळ उठतं. १९३३ मधलं असं वादळ इंग्लंडमधल्या विल हे या हौशी निरीक्षकानं टिपलं होतं, आणि तो व्यवसायानं विनोदी नट होता.

फोटोचा मोह होईलच. आयपीसला फोन लावून फोटोऐवजी व्हिडिओ घ्या, उजेड कमी करून. ऑटोस्टॅकर्टसारखं सॉफ्टवेअर त्यातल्या चांगल्या चौकटी निवडून एकावर एक रचतं. पण पहिल्या दोन-तीन रात्री फोन खिशातच ठेवा, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. पडद्याच्या उजेडानं डोळे दिपतात आणि बघायचं राहूनच जातं.

९. टायटन

शनीजवळ एक बारीक टिंब दिसलं तर तो बहुधा टायटन, शनीचा उपग्रह. आठव्या प्रतीच्या थोडा पलीकडचा असल्यामुळे ६० मिमीतूनही दिसतो (प्रत हे तेजाचं माप, आकडा जितका मोठा तितकं टिंब मंद). हायगेन्सनं तो १६५५ मध्ये शोधला, आणि त्याच्याच नावाचं यान १४ जानेवारी २००५ रोजी त्या टिंबावर उतरलं. टायटन सोळा दिवसांत शनीभोवती फिरतो. सर्वांत दूर असताना तो ग्रहाच्या मध्यापासून कड्यांच्या लांबीच्या साडेचार पट अंतरावर असतो.

ते टिंब तारा नाही कशावरून? वहीत शनी आणि आसपासची टिंबं काढा, वेळ लिहा. दोन रात्रींनी पुन्हा काढा. तारा मागे राहिलेला असेल, टायटन शनीबरोबर येऊन जागा बदललेला असेल. ॲपशी ताडून बघा, पण आधी चित्र काढा आणि मग ॲप उघडा. उलट क्रमानं केलं की डोळ्यांना तेच दिसतं जे पडद्यावर पाहिलेलं असतं.

१०० मिमीच्या पुढे दुर्बीण असेल तर कड्यांच्या आणखी जवळ ऱ्हिआ हा उपग्रह दिसतो, आणि चांगल्या रात्री टेथिस आणि डायोनीही.

१०. आणि हा एक, सवडीनं

आयापेटस हा उपग्रह एक बाजू उजळ आणि एक बाजू डांबरासारखी काळी घेऊन ७९ दिवसांत शनीभोवती फिरतो. शनीच्या पश्चिमेला असताना त्याची उजळ बाजू आपल्याकडे असते आणि तो दहाव्या प्रतीच्या आसपास, म्हणजे आवाक्यात येतो. पूर्वेला गेला की जवळपास दोन प्रतींनी मंदावतो. ॲपमध्ये त्याच्या पश्चिमेकडच्या टोकाची तारीख काढा. तो शनीपासून बराच लांब असतो, कड्यांच्या लांबीच्या तेरा पट, म्हणून कमी पटीच्या आयपीसमध्येच शोधा. सापडला की चित्र काढून तारीख घाला. मग चाळीसेक दिवसांनी, तेच आयपीस लावून, शनीच्या पूर्वेला तेवढ्याच अंतरावर बघा. १६७१ मध्ये हा उपग्रह शोधणाऱ्या कॅसिनीलाही तो तिथे सापडत नव्हता, आणि त्याची एक बाजू काळी असली पाहिजे हे त्यानं त्यावरूनच ओळखलं.